दुपारची गाडी धर

कापूरहोळ, ता. ९ ऑक्टोबर २००१

शाहिस्ता बेटी, सलाम.

पत्र हातात आलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. म्हणून शेवटची ओळ इथंच लिहून टाकतो. घरात सगळे बरे आहेत, काही वाईट घडलेलं नाही. आता सावकाश वाच.

तुझी चिठ्ठी मिळाली. "अब्बा, ते कसे आहेत ते खरं लिहा. चांगलं तेवढंच लिहू नका." एवढंच लिहिलंस. त्याच दिवशी वाईहून तुझ्या वडिलांचाही निरोप आला. एहसानभाई म्हणतात, ईद झाली की जमातीतली चार माणसं बसवून फारकतीचं काय ते ठरवून टाकू. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यानं बायकोला आणि लेकीला माझ्या वर्कशॉपात दोन दिवस कोंडून ठेवलं, "भायेरचे ट्रक तुमाला घिऊन जातील" म्हणत दाराला आडवा बसला, त्याच्या घरी मुलगी परत कशी पाठवायची, हे कोणताही बाप विचारील.

पण माझा अल्ताफ आता तसा नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा भोरला येतात. त्यांची गोळी सुरू होऊन वर्ष उलटलं. ट्रक आता त्याच्याशी बोलत नाहीत. पूर्वी हायवेवरून गाडी गेली की मागच्या फळीवरचं वाचून तो घाबराघुबरा व्हायचा, मग ते त्यानं स्वतःच्या ब्रशनं का लिहिलेलं असेना. आता गाडी जाते, तो बघतो, आणि चहा पितो. झोपतो. वेळेवर जेवतो. जुम्म्याला माझ्याबरोबर मशिदीत येतो. वर्षभरात कुणावर आवाज चढवला नाही.

गाड्यांवर नावं-नंबर रंगवायचं काम जरा कमी करतो. तब्येत सांभाळून करावं, असं मीच त्याला सांगतो.

तुझी सासू शेजारी बसून मेथी निवडते आहे. "काय लिवलं?" म्हणाली. वाचून दाखवलं.

"आन् हाताचं?"

मी म्हटलं, ते पुढच्या पत्रात.

"व्हय, फुडल्या पत्रात. तुमच्या बापानं बी माझ्या बापाला असंच सांगितलं व्हतं. पोराचं दुकान हाय, लगीन झाल्यावर दाखवू."

जन्नतबीचा सलाम घे. फौजियाला आजाची आठवण आहे का, ते कळव.

इस्माईल


कापूरहोळ, ता. २८ ऑक्टोबर

बेटी, तू पकडलंस.

पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात का, असं विचारलंस. या घरातून जाणारं प्रत्येक पाकीट अल्ताफ लिहायचा. तुमच्या वाईच्या पोस्टमननं एकदा एहसानभाईंना विचारलं होतं, तुमचे व्याही पत्ता छापून घेतात का म्हणून. आणि आता माझं चौथीपर्यंतचं अक्षर, वेलांट्या मोडलेलं.

त्याचा हात थरथरतो. आजारानं नाही, गोळीनं. कप बशीवर वाजतो, म्हणून जन्नतबी त्याला स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा देते. चालताना हात हलत नाहीत, अंगाला बांधल्यासारखे राहतात. तोंडावर हसू यायला वेळ लागतो. गंमत सांगून माणसं उठून गेली की मग याचं हसू येतं. उशी लाळेनं ओली होते. थरथरीवर दुसरी एक गोळी दिली आहे, तिनं थोडा उतार पडतो, पण तिनं दिवसा घसा कोरडा पडतो. म्हणजे रात्री ओल आणि दिवसा दुष्काळ.

आणि पाय एका जागी ठरत नाहीत. दुकानापासून भोर फाट्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. फाट्यावर रखमाजीचं चहाचं दुकान आहे, तू पाहिलंयस. रखमाजी त्याला म्हणाला, "अल्ताफ, रस्ता मोजायचं कंत्राट घेतलंस काय रं?"

"व्हय," अल्ताफ म्हणाला. "पर बिल निघत न्हाई."

हे रखमाजीनं मुद्दाम येऊन मला सांगितलं. दोघं हसलो. त्या वाईट दिवसांत अल्ताफच्या तोंडून गंमत म्हणून निघाली नव्हती. मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

मागच्या आठवड्यात वरव्याचा एक टेम्पोवाला नंबर काढून घ्यायला आला. म्हणाला, अल्ताफच्याच हातचा पाहिजे. अल्ताफनं ब्रश घेतला. मी आत ऐरणीपाशी होतो, बघत नाही असं दाखवत होतो. आठाचं पोट उजवीकडे सांडलं. थिनरनं पुसलं. परत काढलं. परत पुसलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "दादा, उद्या या." दुसऱ्या दिवशी तो माणूस शिवऱ्यात नंबर काढून घेऊन आमच्याच दारावरून गेला. त्याचं तरी काय चुकलं. बिननंबराची गाडी किती दिवस उभी करणार.

माझं डोकं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांत चालतं, जन्मभर तेच ठोकले. ट्रकखाली पाटे कमी घातले तर ओझ्यानं गाडी बसते. जास्त घातले तर बसत नाही, पण रिकामी धावताना दगडासारखी आदळते. आपली गाडी आता बसत नाही, आदळते. मला हे पहिल्यापेक्षा बरं वाटतं. तुला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही.

आता सगळं लिहिलं. जवळजवळ सगळं.

इस्माईल


कापूरहोळ, ता. १५ नोव्हेंबर

शाहिस्ता बेटी,

हे पत्र अल्ताफला सांगून लिहिलेलं नाही. उत्तर पाठवशील तेव्हा तेवढं ध्यानात ठेव.

डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी सुचवली आहे. जुनी हळूहळू उतरवायची, नवी हळूहळू चढवायची. हिनं हात बहुतेक थरथरत नाही आणि चेहराही मोकळा होतो म्हणे. मी विचारलं, "मंग हिचा तोटा काय?"

त्या म्हणाल्या, "भूक फार लागते. वजन वाढतं. झोप जास्त येते, सकाळी उठवत नाही. साखर वाढू शकते, म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागेल. आणि बदलताना जुना त्रास डोकं वर काढणारच नाही, अशी हमी मी देत नाही."

बाई सरळ आहेत, लपवत नाहीत. पण ते 'हमी देत नाही' ऐकल्यापासून मी रात्री उठून तो झोपलाय ना ते बघून येतो. चालतं इंजिन खोलू नये, हे या हायवेवर शेंबडं पोरही सांगेल. आज पोरगा शांत आहे. थरथरतो तर थरथरू दे. मी त्याला नंबर काढायला लावत नाही, माझ्या भात्याजवळ बसून राहिला तरी मला चालेल. पण ते ट्रक पुन्हा बोलायला लागले तर? ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. फौजिया आतून मला, आपल्या आजाला, म्हणत होती, "दादा, दार उघडा, मला शी लागली."

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून त्याला आणखी एक गोष्ट विचारली. ती काय होती हे मला कळलं, पण ते मी इथं लिहीत नाही.

तुझं तो ऐकतो. एवढं झालं तरी तुझंच ऐकतो. त्याला दोन ओळी लिही, की आहे तीच गोळी चालू द्या. मी सांगितलं असं लिहू नकोस.

परवापासून रमजान. तो म्हणतो, यंदा रोजे धरणार. ही आणखी एक काळजी.

इस्माईल


कापूरहोळ, ता. २६ नोव्हेंबर

बेटी, अल्ताफ आता ठीक आहे. हे पहिल्यांदा वाच आणि मग खालचं.

मौलानांनी त्याला सांगितलं होतं, आजारी माणसाला रोजा माफ आहे. त्यांच्यापुढं मान हलवली आणि घरी येऊन मला म्हणाला, "समदा मोहल्ला उपाशी, आन् म्या एकटा ताटावर. येड्याचं ताट न्यारं, व्हय ना?" मी धर म्हटलं.

पण गोळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा. मी माझ्या अकलेनं जमवलं. दिवसभराच्या सगळ्या पहाटे सहेरीच्या जेवणाला एकदमच दिल्या, आणि थरथरीची तेवढी गाळली. म्हटलं रोज्यात एक तरी गोळी कमी. डॉक्टरीणबाईंना विचारायला फोन करावा हे सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. त्या रोजाच धरू नको म्हणतील, अशी भीती वाटली.

दुपारच्या नमाजाच्या सुमाराला दुकानात जुन्या टायरवर बसला होता. मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर गेले. जबडा आवळला. जन्नतबीला वाटलं लकवा. रखमाजीनं टेम्पो काढला, उकळता चहा तसाच टाकून. भोरला डॉक्टरांनी दंडात सुई दिली, पुण्याला बाईंना फोन लावला, आणि एक चहा संपायला लागतो तेवढ्या वेळात मान सरळ झाली. अल्ताफ पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "सुईनं रोजा मोडला का?"

बाईंनी मला फोनवर घेतलं. "रोजा धरायचा होता तर मला विचारायचं होतं ना, चाचा. मी वेळा बसवून दिल्या असत्या." आता बसवून दिल्या आहेत, इफ्तारनंतर आणि सहेरीला, थरथरीच्या गोळीसकट. आठवडाभर थांबून मग धर म्हणाल्या. त्याला ते पटलं.

जन्नतबी मात्र मला सोडत नाही. "तीन येळचं जेवान एकाच टायमाला खाऊन बघा तुमी. मंग कळंल पोराला कसं झालं ते."

आणि घरी आलो तर दारात तुझं पत्र. "अब्बा, तुम्ही मला विचारता, डॉक्टरांना विचारता, रखमाजींनाही विचारलं असेल. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याला विचारलं का?"

रखमाजीला विचारलं होतं. तो म्हणाला, बदलू नका.

अल्ताफला विचारलेलं नाही. विचारतो.

इस्माईल


कापूरहोळ, ता. ९ डिसेंबर

शाहिस्ता बेटी, सलाम.

माझं पत्र मिळालं असेलच, पण त्याआधीच तुझं कार्ड आलं, त्यात 'मान आता कशी आहे' असं होतं. वाईला बातमी इतक्या लवकर कोण पोचवतं, कळत नाही. एसटीचे ड्रायव्हर असणार, ते सगळे रखमाजीकडेच चहा पितात.

मान सरळ आहे. आणि मी त्याला विचारलं.

इफ्तार झाल्यावर दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मी म्हटलं, अल्ताफ, गोळी बदलायची का न्हाई, तुझं काय म्हणणं? त्यानं समोरून जाणाऱ्या एका ट्रककडे बोट केलं.

"अब्बा, तो ट्रक हाय ना," म्हणाला, "तो आता निस्ता ट्रक हाय. जुन्या गोळीनं हे केलं. तिला म्या वाईट न्हाई म्हननार."

"मंग ऱ्हाऊ दे तीच."

"पर फौजिया आली, तर तिला उचलायचं का न्हाई ह्या हातानं? पडंल म्हनून भ्या वाटतं. तिच्याकडं बघून हसायचं म्हटलं तर तोंड हलत न्हाई. तिला वाटंल बाप आजून रागावलाय."

मी म्हटलं, नवीनं जाड होशील, साखर होईल, सकाळी डोळा उघडणार नाही.

"जाडा मानूस बी नंबर काढतो, अब्बा. झोपाळू बी काढतो, जरा उशिरा काढतो. तुमाला साखर झाली असती तर अम्मीनं चहात कमी केली नसती का? माझ्या बी करंल."

मग मी माझी भीती सांगितली. आवाज परत आले तर.

आता जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो. "आले तर म्या सांगीन. मागल्या टायमाला सांगायची लाज वाटली, म्हनून तर दार लावून बसलो. आता वळखतो म्या त्येंला. पर तुमाला न्हाई सांगनार, अम्मीला सांगीन. तुमी घाबरता."

आत जन्नतबीनं भांडं आपटलं, म्हणजे ऐकत होती. "ऐका," म्हणाली. "लेकानं आज पयल्यांदा तुमाला वळखलं."

बेटी, मी साठी ओलांडली, आणि हा प्रश्न मी त्याला सोडून सगळ्यांना विचारत हिंडलो होतो की बदलू नये ना, नये ना. तो म्हणतो बदलायची. ईदनंतर सुरू करू असं बाईंना कळवलं. दर पंधरा दिवसांनी भोरला दाखवायचं, मध्ये काही वाटलं तर फोन करायचा. या वेळी फोन मी करीन, सुचलं की लगेच.

एहसानभाईंना माझा सलाम सांग. जमातीची माणसं बसवायची तर बसवा, मी येईन. फक्त त्याची नवी गोळी जरा बसू द्या. हे मागणं माझं आहे, त्याचं नाही. तो तुझ्याबद्दल काही मागत नाही.

इस्माईल


कापूरहोळ, ता. ११ मार्च २००२

शाहिस्ता बेटी,

हे पाकीट उघडण्याआधी तू त्याच्याकडे बघत बसली असशील. मीही पोस्टात टाकण्याआधी बघत बसलो होतो. 'शाहिस्ता' मधला 'स्ता' जरा तिरका गेलाय. अल्ताफ म्हणाला दुसरं पाकीट घेतो. मी म्हटलं खबरदार, हेच जाईल.

आता हिशेबातली दुसरी बाजू. पँटी सगळ्या तंग झाल्या, जन्नतबीनं शिवणी उसवून बघितल्या, आत कापड उरलं नाही. भूक अशी की भाकरीची टोपली ती आता वरच्या फळीवर ठेवते आणि त्याला काकडी देते. तो काकडीकडे असा बघतो की मला दया येते. रस्त्यात माणसं त्याला थांबवून म्हणतात, "वा, अल्ताफनं अंग धरलं, आता खरा बरा झाला." मीही आधी खूश व्हायचो. एकदा बाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि मला म्हणाल्या, "चाचा, हे कौतुक पुरे." साखर काठावर आहे. चालायला सांगितलंय. गंमत बघ, पूर्वी पाय थांबत नव्हते तेव्हा सगळे त्याला बस म्हणायचे. आता पाय शांत झाले तर मी रोज संध्याकाळी त्याला फाट्यापर्यंत ओढून नेतो. रखमाजी म्हणतो, "कंत्राट बापाकडं आलं वाटतं."

सकाळी उठत नाही. दहा वाजले तरी मी हाकाच मारत असतो. उठला तरी तासभर गुंगीत असतो. बारानंतर मात्र पहिल्यासारखा माणूस. जानेवारीत एकदा अम्मीला म्हणाला, "गाड्या जरा जोरात वाजायल्यात." तिनं घाबरून जायच्या आधी बाईंना फोन लावला, बाईंनी नवी थोडी वाढवली, आठवड्यात गाड्या गप्प झाल्या. मला हे सगळं झाल्यावर सांगितलं. बरं केलं.

हात शांत आहे. वरव्याच्या त्याच टेम्पोवाल्याच्या मागच्या फळीवर त्याच्या दोन मुलींची नावं लिहिली. मी ऐरण सोडून बाहेर येऊन उघड बघत उभा राहिलो.

आणि एक गोष्ट मला कालच कळली. मी आपला टपाल जपून टाकत होतो, काय लिहावं काय लपवावं म्हणून झोप घालवत होतो. आणि हा दर जुम्म्याला फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून तुला फोन करत होता, एहसानभाई नमाजाहून जेवायला घरी जातात आणि त्यांच्या दुकानात फोनपाशी तू असतेस त्या वेळेला. ऑक्टोबरपासून. लोकांना वाटायचं, पाय ठरत नाहीत म्हणून फिरतोय. रखमाजीला माहीत होतं. जन्नतबीलाही. जे मी नोव्हेंबरात लिहिणार नाही म्हटलं होतं, नवराबायकोमधलं, डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं, तेही त्यानं तुला तेव्हाच सांगून टाकलं होतं. मी सासरा म्हणून शरमेनं गप्प, आणि तुम्हा दोघांचं बोलून झालेलं. रागवावं असं वाटलं. मग रखमाजीकडे चहा प्यायलो आणि राग आला नाही.

अल्ताफ म्हणाला, तू एहसानभाईंना थांबायला सांगितलंस, आणि येत्या रविवारी फौजियाला घेऊन येतेस. राहायला येतेस की बघायला, ते मी विचारणार नाही. जे बघशील ते वर लिहिलं आहे. पोट सुटलंय, सकाळी झोपतो, काकडी खातो, गोळी कायमची आहे. ट्रक बोलत नाहीत आणि हात थरथरत नाही.

वाईहून सकाळची गाडी धरू नकोस. तेव्हा तो झोपलेला असतो, आणि फाट्यावर घ्यायला तोच येणार म्हणतो, दुसऱ्या कुणी जायचं नाही असं त्यानं बजावलंय. दुपारची गाडी धर. तेव्हा तो पूर्ण जागा असेल, आणि फौजियाला गाडीच्या पायरीवरून उचलून घेईल.

तरी सकाळच्या गाडीलाही मी लांबून उभा राहीन, चुकून आलीस तर.

इस्माईल